टेम्याहून बाबांस

टेमा, घाना
रविवार, 10 ऑगस्ट 2025

ती. बाबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की हाताखालच्या माणसांना मी नीट वागवतो ना. मी ‘हो’ म्हणून विषय आईच्या गुडघ्यांकडे वळवला. खरे उत्तर लांबलचक आहे आणि त्यात तुमचाही संबंध येतो, म्हणून लिहून पाठवतो आहे.

आमच्या कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या, टब आणि खुर्च्या तयार होतात. कामगार साठ-सत्तर असतील. बहुतेक जण शेजारच्या अशाइमानहून ट्रोट्रोने, म्हणजे आपल्याकडच्या काळीपिवळीसारख्या गाडीने येतात. मुलाला जन्मवारावरून नाव देण्याची येथे रीत आहे, त्यामुळे आमच्या हजेरीपटावर शनिवारचे चार क्वामे आणि शुक्रवारचे तीन कोफी आहेत. मी बुधवारचा निघालो, म्हणून मला क्वाकू म्हणतात.

पहिल्या वर्षी माझी सर्वांत मोठी चूक रजेच्या बाबतीत झाली. एका क्वामेने वडील वारले म्हणून मे महिन्यात दोन दिवस मागितले आणि जूनच्या अखेरीस त्याच वडिलांच्या अंत्यविधीसाठी पुन्हा तीन दिवस मागितले, तेव्हा हा मला फसवतो आहे अशी माझी खात्रीच झाली आणि मी त्याला सर्वांदेखत बोललो. येथे मृतदेह कित्येक आठवडे शवागारात ठेवतात, गावोगावचे नातलग जमून खर्चाची तजवीज होईपर्यंत थांबतात आणि मग बहुधा शनिवारी अंत्यविधी करतात, हे मला नंतर आमच्या स्टोअरकीपरने समजावले. दहाव्याला न जाणाऱ्याला आपली भावकी काय म्हणते ते मला ठाऊक होते, तरी त्या वेळी आठवले नाही. मी माफी मागितली आणि त्याने ती मान्यही केली, पण पुढे बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतेच बोलत असे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याहून वेगळ्या ठिकाणी आहे. येथील 2003 च्या कामगार कायद्यानुसार आठवड्याला 40 तास काम आणि वर्षाला किमान 15 दिवस भरपगारी रजा द्यावी लागते. शिवाय निवृत्तिवेतनासाठी कामगाराच्या मूळ पगारातून साडेपाच टक्के कापून त्यात मालकाने स्वतःचे 13 टक्के घालायचे असतात. तात्पुरता कामगार एकाच मालकाकडे सलग सहा महिने राहिला, तर त्याला कायम समजावे, असेही त्या कामगार कायद्यात आहे. जुलैत मालकांनी मला अकरा जणांची यादी दिली. सर्व जण फेब्रुवारीत लागलेले. सहावा महिना भरण्याआधी त्यांना थांबवायचे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचे. यादीच्या वर पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता, ‘ब्रेक’.

सातपूरच्या कारखान्यात कायम होण्यासाठी लागणारे 240 दिवस भरू न देता तुम्हाला चार वेळा ब्रेक मिळाला होता. त्या दिवसांतही आम्हा मुलांना कळू नये म्हणून तुम्ही नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघत असा आणि दुपारी गोदाकाठी बसून तो खात असा, हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले. यादी हातात घेतली तेव्हा मला तो स्टीलचा डबा आठवला.

मालकांपुढे मी कायदा काढला नाही, कारण तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. मी हिशेब मांडला: नवा माणूस मशीनवर हात बसेपर्यंत किती माल भंगारात घालवतो, आणि तीन आठवड्यांत यांतले किती जण दुसऱ्या कारखान्यात निघून जातील. दोन दिवस वाद झाला आणि अखेर सात जण कायम झाले. उरलेले चौघे पॅकिंगमध्ये होते, त्यांच्यासाठी माझ्याकडे भंगाराचा आकडा नव्हता, म्हणून त्यांना मीच बोलावून पत्रे दिली. त्यांतल्या एकाने नुकतीच घरभाड्यासाठी उचल घेतली होती. कायद्याने सहा महिन्यांपेक्षा अधिक भाडे आगाऊ घेता येत नाही, तरी येथे घरमालक वर्षा-दोन वर्षांचे एकदम मागतात. ती उचल मी माझ्या खात्यावर लिहून घेतली आहे. आईला एवढे सांगू नका. डाव्या हाताने देणे-घेणे येथेही अपमानाचे मानतात. त्या मुलाने हातातली पिशवी खाली ठेवली, उजव्या हाताने पत्र घेतले आणि मला ‘थँक यू, बॉस’ म्हणाला.

बाबा, ब्रेकचा कागद तुम्हाला कोण देत असे? त्या माणसाचे नाव तुम्ही घरात कधी घेतले नाहीत, रागानेही नाही. पुढच्या रविवारी फोनवर मला त्याच्याविषयी सांगा.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
अविनाश