माळ गेली म्हणून कचऱ्यात टाकू नका, मंडळात आणून द्या

पेठेतल्या सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

यंदा उत्सवात मोठ्या देखाव्याशेजारी आपल्या मुलांचा स्वतंत्र देखावा आहे. विषय शनिवारवाडा, साहित्य पुठ्ठा, आणि दिल्ली दरवाजावरच्या खिळ्यांच्या जागी लाल दिवे लावायचा त्यांचा हट्ट. तो मान्य झाला आहे. अट एकच घातली: सगळं सेलवर चालवायचं, २३० व्होल्टची वायर मुलांच्या हाताशी येता कामा नये. त्यासाठी दोनेकशे सुटे रंगीत एलईडी हवेत. ते तुमच्या घरात पडून आहेत अशी आमची खात्री आहे.

दिवाळीची माळ अर्धी विझली की आपण ती गुंडाळून माळ्यावर टाकतो. विझलेल्या रांगेतले एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात. एकाचा पाय तुटला तरी सगळी रांग बंद. बाकीचे बहुतेक ठणठणीत असतात.

मागच्या वर्षी हे आम्हाला सातवीतल्या एका मुलीनं शिकवलं. असाच जमवलेला डबाभर माल तपासायला तिनं तीन पेन्सिल सेल आणि एक रेझिस्टन्स (करंट आवरणारा छोटा भाग) घेतला, आणि लाल, निळा, पांढरा असे तिन्ही एलईडी शेजारी शेजारी एकदम जोडले. फक्त लाल पेटला. ‘निळे-पांढरे गेलेले दिसतात,’ असं म्हणून आमच्यातल्या जाणत्यांनी ते टाकायला घेतले. तेवढ्यात तिनं सहज लाल काढला, आणि निळा-पांढरा झगझगले! लाल सुमारे २ व्होल्टवर पेटतो, निळ्या-पांढऱ्याला ३च्या आसपास लागतात. लाल मध्ये असेपर्यंत विजेचा दाब दोन व्होल्टच्या वर चढतच नाही, मग बाकीच्यांनी पेटायचं कसं? तेव्हापासून मंडळाचा नियम: प्रत्येक एलईडी एकटा तपासायचा, तीन सेल आणि १५० ओहमचा रेझिस्टन्स मध्ये ठेवून. लांब पाय प्लसला. पाय कापलेले असतील तर कडेला बोट फिरवा, जिथं कड सपाट लागते ती मायनसची बाजू. पेटला नाही तर उलटा करून बघा, मगच नाव ठेवा.

(चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी एलईडीला थेट लावू नये. क्षणभर डोळे दिपतात आणि मग तो खरोखरच जातो. हा प्रयोग करून झालेला आहे.)

तर बंद माळा द्या. रिमोट चालेना म्हणून काढलेले सेलही द्या. नुसता मीटर लावला तर त्यातले बरेच १.३-१.४ व्होल्ट दाखवतात, पण एलईडी पेटता ठेवून मोजलं की कोणात दम आहे ते कळतं. पांढरी-हिरवी बुरशी आलेले, गळके सेल मात्र नकोत. बटन सेल चिकटपट्टी गुंडाळून थेट मोठ्या माणसाच्या हातात द्यावेत. लहान मूल तो गिळू शकतं आणि ते फार धोक्याचं आहे.

वापरात नसलेला मल्टिमीटर किंवा सोल्डरिंग गन असेल तर उत्सवापुरती उसनी द्या, नाव लिहून परत करू. त्याहून जास्त गरज माणसांची आहे. रविवारी सकाळी ९ ते ११ मंडळाच्या खोलीत बसून मुलांबरोबर एलईडी तपासायचे, एवढंच काम. निवृत्त मंडळींनी चष्मा आणावा, पाय फार बारीक असतात. सेलचे खोके आणि रेझिस्टन्स तपकीर गल्लीतून आणावे लागतील. त्यासाठी रोख मदत दिलीत तर पावती मिळेल.

माळ प्लगसकट आणलीत तरी चालेल, प्लग आम्हीच कापून ठेवू. आणि हो, वर्गणी वेगळी. ती मागायला नेहमीप्रमाणे येणारच आहोत.

आपले,
बालविभागाचे कार्यकर्ते