घरकुलाच्या यादीला गट नंबर जोडा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, अशा कुटुंबांसाठी प्रत्येक जिल्ह्याचा जागा आराखडा करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात बालेवाडीला केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या 20 लाख घरकुलांच्या मंजुरीचा कार्यक्रम झाला आणि 10 लाख कुटुंबांना पहिला हप्ता गेला. एकाच वेळी एवढी मोठी मंजुरी याआधी कुठल्याही सरकारनं दिली नव्हती, हे मोकळ्या मनानं मान्य करतो. पैशाबद्दलही माझी तक्रार नाही. केंद्राचे 1 लाख 20 हजार, राज्यानं त्यावर वाढवलेले 50 हजार (त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी), शौचालयाचे 12 हजार, रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी, असं सगळं धरून रक्कम दोन लाखांच्या वर जाते. वाळू धोरणात घरकुलवाल्याला 5 ब्रास वाळू मोफत दिलीत, तेही बरं केलंत. वाळू प्रत्यक्षात दारात येऊन पडते का, हा वेगळा विषय आहे. त्यात आज शिरत नाही.

मला विचारायचं आहे ते एवढंच, की ही 20 लाख घरं उभी कुठं राहणार?

ज्याच्याकडं बापजाद्यांची पडकी का होईना जागा आहे, नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नाव आहे, त्याचं काम होतं. तो जुनं माळवद पाडतो, पाया खोदतो, अभियंता येऊन फोटो काढतो, पुढचा हप्ता पडतो. ज्याच्याकडं जागाच नाही त्याचं नाव यादीत वर्षानुवर्षं तसंच राहतं. पंचायत समितीत विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं : "तुमची मंजुरी आहे, जागा दाखवा." जागा असती तर माणूस यादीत असा अडकून राहिला असता का?

आमच्या भागातल्या एका बाईंची फाइल मी जवळून पाहिली आहे. नवरा ऊसतोडीला जायचा, तो वारला. ती दोन पोरं आणि सासू यांच्यासह गायरानाच्या (गावच्या गुरचरणाच्या सरकारी जमिनीच्या) कडेला पत्र्याच्या शेडात राहते. शेडाला तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला ताडपत्री. सर्वेक्षणाच्या वेळी शेडापुढं उभं करून तिचा फोटो घेतला, चेहरा पडताळला, नाव बसलं. पण बांधकामाच्या जागेचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा ती उभी होती ती जमीन सरकारी निघाली. मग तिला दिरांच्या सामाईक सातबाऱ्यात एक कोपरा मागायला सांगितलं. सातबाऱ्यावर सात नावं, त्यातलं एक भिवंडीला, एक मयत आणि वारसनोंद नाही. संमतीपत्र स्टॅम्पवर हवं, सगळ्यांच्या सह्यांसकट. एका भावजयीनं सही करायला सरळ नकार दिला, आणि त्या भावजयीला मी दोष देणार नाही. उद्या वाटणीत तो कोपरा गेला म्हणून तिचीच पोरं भांडतील. कागद इथंच अडला आहे.

हे एका कार्यालयाचं किंवा एका कर्मचाऱ्याचं पाप नाही. ग्रामपंचायत अधिकारी त्यांच्या परीनं धावपळ करतात. पण जागा देण्याचा अधिकार त्यांना नाही, तो महसूल खात्याला आहे. घरकुलाचं उद्दिष्ट ग्रामविकास खात्याचं आणि जमीन महसूल खात्याची, आणि या दोन खात्यांच्या मधल्या बोळात हा माणूस अडकलेला आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की भूमिहीन लाभार्थ्याला सरकारी किंवा अन्य सार्वजनिक जमिनीतून जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्याची आहे. म्हणजे केंद्रानं राज्यावर टाकलं. राज्यानं जिल्ह्यावर टाकलं, जिल्ह्यानं तालुक्यावर, तालुक्यानं गावावर, आणि गावानं त्या बाईवर.

आपण म्हणाल, पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे की. आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी 50 हजार मिळायचे, आता 1 लाख मिळतात. पण विकणारा कुठं आहे? रस्त्याला लागून जमीन असलेला शेतकरी अर्धा गुंठा विकत नाही, विकलाच तर प्लॉटच्या भावानं विकतो. वर तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकू न देणारा, 1947 चा कायदा. त्यातून घरकुलासाठी 1000 चौरस फुटांपर्यंत वाट 2024 च्या नियमांनी काढली हे खरं, पण ती वाट जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीतून जाते. तालुक्याच्या गावाला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, जिल्ह्याला जायचं तर मजुरीही बुडते आणि एसटीचं भाडंही लागतं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत घर बांधायला जमीन महसूल संहितेच्या 42 ड कलमानं सवलत दिली, तीही त्यालाच उपयोगाची ज्याची त्या 200 मीटरांत जमीन आहे. सवलती खूप झाल्या, पण त्या बहुतेक मालकाच्याच वाट्याला गेल्या. ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्या हाती अजून जागा पडत नाही.

आता तुलना दुरून आणतो, पण कामाची आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1969 पासून कायदा आहे, की प्रत्येक शहरानं आणि प्रत्येक काउंटीनं आपला घरांचा आराखडा करायचा आणि ठरावीक वर्षांनी तो नव्यानं करायचा. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. पुढच्या काही वर्षांत तुमच्या वाट्याला किती घरं, त्यातली कमी उत्पन्नवाल्यांसाठी किती, हा आकडा वरून येतो. मग काउंटीनं नुसतं "होय, बांधू" म्हणून चालत नाही. कोणत्या भूखंडावर बांधणार, त्याचा क्रमांक काय, तो केवढा आहे, तिथं पाणी आणि सांडपाण्याची सोय आहे का, याची यादी आराखड्याला जोडावी लागते. राज्याचं गृहनिर्माण खातं ती तपासतं आणि कमी पडली तर परत पाठवतं. यातून लहानातली लहान काउंटीही सुटत नाही. डोंगरातल्या अल्पाइन काउंटीची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 1,204 होती, म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम खेड्याएवढी. तिलाही हा आराखडा करावाच लागतो.

तिथं सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. आराखडे मंजूर होतात, घरं मात्र रखडतात, आणि भाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. त्यांच्याकडं जागेची यादी आहे आणि बांधायचे पैसे कमी पडतात. आपल्याकडं नेमकं उलटं आहे : माणसाच्या नावानं पैसे मंजूर आहेत, यादीला आकडा आहे, नाव आहे, आधार आहे, फक्त गट नंबर, म्हणजे घर जिथं बांधायचं त्या जमिनीचा क्रमांक, नाही. माझी मागणी त्या गट नंबरची आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीनं, तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आणि भूमी अभिलेखच्या माणसाला सोबत घेऊन, गावातल्या सार्वजनिक जमिनीचा एक तक्ता करावा. गावठाणात मोकळी किती, पडीक सरकारी किती, गायरान किती, पूर्वी वाटलेले पण कधीच बांधले न गेलेले भूखंड किती. 1975 च्या वीस कलमी कार्यक्रमातही भूमिहीनांना घरासाठी जागा द्यायचं कलम होतं. तेव्हाच्या भूखंडांचं पुढं काय झालं, कुणाच्या कुंपणात गेले, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, कागदावर कुणी आणत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तर महाराष्ट्रानं हा प्रयोग देशाच्या आधी केला होता. ते नकाशे तयार आहेत. सनदा (मालकीचे दाखले) वाटून झाल्या म्हणजे त्यांचं काम संपलं असं का समजायचं? त्याच नकाशावर मोकळ्या जागा रंगवा. जिथं गावठाणात जागाच उरली नाही तिथं संहितेच्या कलम 122 खाली गावठाण वाढवण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं जाऊ द्या, आणि त्याला मुदत घाला.

गायरान म्हटलं की सगळे हात वर करतात. सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग खटल्याचा निकाल, मग 2022 मधले मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश, याचा धाक एवढा बसला आहे की गायरान शब्द उच्चारला तरी फाइल बंद होते. तो 2011 चा निकाल मी वाचला आहे. गावची सामाईक जमीन धनदांडग्यांनी गिळली, त्याविरुद्ध तो आहे. त्याच निकालात शेवटी अपवाद लिहिला आहे : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेनं जमीन दिली असेल, किंवा शाळा-दवाखान्यासारखी सोय आधीच उभी असेल, तर नियमित करता येईल. शिवाय 1 जानेवारी 2011 पूर्वीची राहती अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारनं 2018 मध्येच घेतला होता. त्याच्या किती नोंदी झाल्या, किती तालुक्यांत नुसती मोजणी होऊन थांबल्या, हे आपल्या खात्याला एका दिवसात कळू शकतं. मागवून पाहा. ज्यांनी दहा-दहा एकर गायरानावर ऊस लावला आहे त्यांना एक न्याय आणि पत्र्याच्या शेडाला दुसरा, असं चालू देऊ नका.

जागा कुठं दिली, यालाही महत्त्व आहे. कागदावर जागा म्हणून ओढ्याच्या काठची, स्मशानाच्या पलीकडची किंवा खडी केंद्राशेजारची मुरमाड जमीन दाखवली जाते, हा अनुभव नवा नाही. गावकुसाबाहेर ठेवण्याची सवय आपल्या समाजाला शेकडो वर्षांची आहे, आणि भूमिहीनांच्या यादीत कोण माणसं आहेत हे मी सांगायला नको. 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय झाला. नावं बदलली, वस्त्या होत्या तिथंच आहेत. तेव्हा तक्त्यात प्रत्येक जागेपुढं लिहायला लावा : शाळा किती लांब, नळाची पाइप कुठवर आली आहे, पावसाळ्यात रस्ता राहतो का, वीज आहे का. जिथं हे नाही ती जागा मोजायची नाही.

आपल्याला हे जमणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यांना आमच्या भागात पाठवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि माळवदाखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर याच राज्य सरकारनं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं उचलून नव्या जागी वसवली. जमीन संपादित झाली, मोजणी झाली, रस्ते आखले, नवं गावठाण पडलं, मग घरं झाली. जमीन आधी आणि वीट नंतर. त्यातही चुका झाल्या. जमीन किती त्यावर घर ठरलं, म्हणून भूमिहीनाला आणि एक हेक्टरच्या आतल्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत 400 आणि त्यावरच्याला 750. गल्ल्या इतक्या ऐसपैस आखल्या की म्हाताऱ्या माणसांना शेजारच्या ओट्यावर जाऊन बसणंही लांब पडू लागलं. पण आमच्या गावात त्या वेळी एकाही कुटुंबाला कुणी "तुमची जागा दाखवा" म्हटलं नाही. ज्याच्या नावावर वावभर जमीन नव्हती त्यालाही चार भिंती मिळाल्या. आता त्या 250 फुटांत तीन भावांचे तीन संसार आहेत, दोन नावं घरकुलाच्या यादीत आहेत, आणि जागा पुन्हा नाही.

राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मे 2025 मध्ये आलं. 2030 पर्यंत 35 लाख घरांचं लक्ष्य त्यात आहे. त्याचा सगळा रोख शहरांकडं आहे, हे साहजिकही असेल. पण जिल्ह्याजिल्ह्याच्या घरांच्या गरजेचं सर्वेक्षण त्या धोरणात धरलेलंच आहे. तेच सर्वेक्षण जिल्हा परिषदांकडून खेड्यांपर्यंत न्यायला वेगळा कायदा लागणार नाही. आपल्या आणि महसूल मंत्र्यांच्या सहीचं एक संयुक्त परिपत्रक पुरेसं आहे.

त्या परिपत्रकात दोन गोष्टी मात्र घालाच. एक, हा तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवायचा, आणि सभा कोरमअभावी तहकूब झाली तर पुढच्या सभेत वाचायचा, पण वाचल्याशिवाय मंजूर समजायचा नाही. दुसरी गोष्ट अधिकाऱ्यांना आवडणार नाही : ज्या तालुक्याचा तक्ता आला नाही त्याचं घरकुल उद्दिष्ट "पूर्ण" म्हणून दाखवायला मनाई करा. आज भूमिहीनांची नावं बाजूला काढून उरलेल्यांवर टक्केवारी काढली जाते, शंभराच्या जवळ आकडा जातो आणि आढावा बैठकीत अभिनंदन होतं. ती नावं भाजकात ठेवा. मग जागा कशी सापडत नाही ते पाहू.

एवढं परिपत्रक निघालं तर आमच्या ग्रामपंचायतीचा तक्ता पहिल्याच महिन्यात पाठवायची जबाबदारी मी घेतो. सरपंचांशी माझं बोलणं झालं आहे. मोजणीसाठी भूमी अभिलेखचा माणूस तेवढा तारीख देऊन पाठवा.

आपला,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य,
ता. लोहारा, जि. धाराशिव