शर्मिष्ठेची ग्रीक गोष्ट मैदानावर सांगा

संपादक महोदय,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होतात, तेव्हा रात्री उत्तरेला शर्मिष्ठा छान वर आलेली असते. पाच ताऱ्यांचा तो इंग्रजी एम मुलांना चटकन सापडतो. शाळांनी या दिवसांत एक रात्र मैदानावर जमावे आणि या तारकासमूहाची ग्रीक कथा तिथेच सांगावी, अशी कळकळीची विनंती आहे.

कथा सांगण्यात भूगोलाचा तास वाया जातो, असे काही सहकारी म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. आपली शर्मिष्ठा म्हणजे ग्रीकांची कॅसिओपिया, इथिओपियाचा राजा सीफियस याची राणी. आपले रूप समुद्रकन्यांहून सरस, अशी तिने फुशारकी मारली. समुद्रदेव पोसायडन चिडला आणि त्याने राज्यावर सागरी राक्षस सोडला. त्याला बळी म्हणून राजकन्या अँड्रोमेडाला खडकाला बांधले. मेड्युसा राक्षसीला मारून परतणाऱ्या वीर पर्सियसने तिला सोडवले. राणीला मात्र शिक्षा मिळाली ती कायमची: ध्रुवाभोवती फिरत राहायचे आणि फेरीत डोके खाली, पाय वर व्हायचे. ही सगळी मंडळी आकाशात जवळपासच आहेत. सीफियसला आपण वृषपर्वा म्हणतो, अँड्रोमेडाला देवयानी, पर्सियसला ययाति, आणि महाभारतातला ययातिही देवयानीला विहिरीतून बाहेर काढतोच.

आता खरी गंमत. अथेन्समधून आज पाहिले तर शर्मिष्ठा मावळतच नाही, राणी खरोखर उलटी झालेली दिसते. साताऱ्यातून ती मावळते, आणि पूर्ण उलटी होते तेव्हा क्षितिजाखाली असते. शिक्षेचा तेवढा भाग आपल्याला दिसतच नाही! असे का, हे मुलेच विचारतात. मग हात लांब करून मूठ धरायला सांगावे. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर, अथेन्समध्ये जवळजवळ चार. कारण ध्रुवताऱ्याची उंची साधारण अक्षांशाएवढी असते: आपला अक्षांश सुमारे १८, त्यांचा ३८. ध्रुव इथे खाली, म्हणून राणीच्या फेरीचा खालचा भाग क्षितिजाखाली जातो. एरवी व्याख्या घोकणारी मुले इथे अक्षांश स्वतःच्या हाताने मोजतात.

खर्च काहीच नाही, दुर्बीणही लागत नाही. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळावेत, मैदानावरचे दिवे तासभर बंद ठेवावेत. मुलींना घरी पोचवण्याची सोय मात्र शाळेनेच करावी, नाहीतर पालक त्यांना पाठवत नाहीत.

– एक भूगोल शिक्षिका, सातारा