वसईच्या मावशी, तुमचे आभार

मावशी, सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या सूनबाई तुम्हाला फोनवरून वाचून दाखवणार आहेत, तसं आमचं ठरलंय. आभार तोंडावरही मानले असते, पण बोरिवली स्टेशनबाहेर संध्याकाळी तुमच्या भाजीच्या टोपल्यांभोवती जी झुंबड असते, तिच्यात दोन गिऱ्हाइकांमधल्या फटीत जेवढं बोलता येतं तेवढंच बोलणं होतं. शिवाय हे आभार मला चारचौघांतच मानायचे होते. माझ्या खिडकीतल्या मिरच्यांचे आणि दुधीचे फोटो बघून लोक माझं कौतुक करतात. त्यातलं निम्म्याहून जास्त तुमचं आहे, हे त्यांनाही कळू दे.

सुरुवात समुद्र मेथीपासून झाली. मुळांना अजून रेती चिकटलेल्या त्या इवल्याशा जुड्या तुम्ही मांडून बसला होतात आणि मी विचारलं, ही घरी कुंडीत येईल का? तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. "खिडकीचं तोंड कुठे? ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं?" एवढंच विचारलंत आणि म्हणालात, "रविवारी बस आणि बघ, मग बोलू." मी बघितलं. खिडकी दक्षिणेची, ऊन सकाळी दहा ते दुपारी तीन. ते ऐकल्यावर तुम्ही बोटांवर महिने मोजलेत आणि सांगितलंत, की तुझा खरा हंगाम दिवाळी ते होळी; आषाढात ढग नसले तरी तुझ्या खिडकीत ऊन शिरणार नाही, कारण तेव्हा सूर्य पलीकडच्या अंगाला गेलेला असतो. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला भरदुपारी सावली पायाखाली येते आणि मधले दोन-अडीच महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण त्याचा मेथीशी संबंध तुम्ही लावून दिलात. वाडीत कुठल्या माडाची सावली कुठल्या महिन्यात कुठल्या वाफ्यावर पडते हे ज्याला पाठ असतं, त्यालाच हे सुचतं.

मेथी आली. पसरट ट्रेमध्ये चार बोटं रेतीमिश्रित माती, वर दाट पेरलेले दाणे. तिसऱ्या दिवशी कोंब, आणि १०-१२ दिवसांत उपटून थेट कढईत. ज्यांना घरात काहीतरी उगवून बघायचंय त्यांना मी आता हेच सांगते: टोमॅटोच्या मागे नंतर लागा, आधी मेथी.

तुमचं एक वाक्य मी कित्येकांना ऐकवलंय. "कुंडीतलं मला काही माहीत नाही गं, आम्ही कधी लावलं नाही. पण मूळ तेच." पुढचं सगळं तुम्ही त्या मुळावरूनच ठरवलंत. जमिनीत मूळ पाण्याच्या मागे खोल जातं, बाजूला पळतं. कुंडीत त्याला पळायला जागा नाही. म्हणून माती भुसभुशीत हवी, म्हणून पाणी साचता कामा नये, म्हणून खत थोडं थोडं पण वरचेवर. नर्सरीतून गोणीभर मिळते ती लाल माती नुसती भरली तर महिन्याभरात विटेसारखी घट्ट होते. एक वाटा माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि वरून मूठभर निंबोळी पेंड, हे माप आपण बोलत बोलत ठरवलं. कोकोपीट तुम्हाला नवीन होतं. नारळाच्या काथ्याचा भुसा आहे म्हटल्यावर लगेच म्हणालात, "मग खारट असेल, दोन-तीनदा धुऊन घे." पुढे मी पाकीट वाचलं, तर त्यावरही हेच लिहिलेलं!

वजनाचंही तुम्हीच बोललात. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते. २० लिटरची रंगाची बादली मातीने भरली की ती ३० किलोंच्या पुढे जाते. "जाळीच्या मध्यावर ठेवू नकोस, भिंतीच्या बाजूला ठेव. खाली लोक चालतात." आमच्या इमारतीखालून शाळेत जाणारी मुलं जातात. तुमच्या सांगण्यावरून मी बादल्या भिंतीलगत घेतल्या, तारेने बांधल्या, आणि शेजारच्या दोन घरांनीही तसंच केलं.

पाण्याबद्दल किती वेळा विचारलं असेन! ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी वांग्याची पानं माना टाकायची, माझा जीव वरखाली व्हायचा. तुम्ही सांगितलंत, पान बघून पाणी द्यायचं नाही, दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घालायचं. आत ओल असेल तर सोडून द्यायचं. ऊन उतरलं की पानं आपोआप उभी राहतात. राहिली. आणि पावसाळा लागण्याआधी कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकायला लावल्यात. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो, म्हणून महापालिकेची माणसंही घरोघर येऊन त्या ताटल्याच बघतात. तुमचं कारण वेगळं होतं, मूळ गुदमरतं हे. दोन्ही कारणं पक्की आहेत.

पण मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे ती मिरचीच्या पानांसाठी. मिरचीला चुरडामुरडा आला होता, म्हणजे पानं आकसून वळली होती. मी तीन-चार शेंडे डब्याच्या पिशवीत घालून आणले. तुमच्यासमोर माणसं खोळंबली होती, कोणी सुट्ट्या पैशांसाठी थांबलं होतं, आणि तुम्ही ते पान दिव्याखाली धरून उलटं केलंत. "कडा वर वळल्यात बघ. वर वळलं की फुलकिडे. खाली वळलं असतं तर कोळी कीड." मग पावतीचा पांढरा कागद मागितलात, त्यावर शेंडा आपटलात, आणि कागदावर डोळ्याला जेमतेम दिसतील असे पिवळसर बारीक किडे सरपटू लागले. रांगेतल्या बाईसुद्धा वाकून बघायला लागल्या. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून साबणाचे चार थेंब, फवारणी संध्याकाळी, आणि पानाच्या खालून. "वरून मारशील तर पानाला आंघोळ होईल, किड्याला काही होणार नाही." नवी फूट सरळ आली. जुनी पानं तशीच वळलेली राहिली, ती राहणारच, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत. त्यामुळे मी धीर धरू शकले.

हल्ली मी कोणतंही औषध विचारण्याआधी पान उलटं करून बघते.

टोमॅटोचं थोडक्यात सांगते. रात्री उकाड्याच्या असतील तर टोमॅटोचं फूल फळ न धरताच गळतं, म्हणून बी गणपतीनंतर टाकायचं, म्हणजे फुलं थंडीत येतात. जानेवारीत आम्ही घरचे टोमॅटो खाल्ले. सकाळी फुलांच्या देठाला टिचकी मारायची युक्तीही तुमचीच. परागकण झडतात आणि फळ धरतं.

आणि दुधी! राखेत ठेवलेलं तुमच्या वाडीतलं बी तुम्ही कागदाच्या पुडीत बांधून दिलं होतंत, पैसे घेतले नव्हतेत. संक्रांतीनंतर ते बादलीत लावलं, वेल जाळीवर चढला. आधी नुसती नराची फुलं, मग मागे बोटाएवढा दुधी असलेली मादीची. आणि ते चिमुकले दुधी पिवळे पडून गळायला लागले. तुम्ही विचारलंत, "संध्याकाळी फुलावर कोणी येतं का?" दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं, वाडीत त्यावर पतंग येतात. आमच्या चौथ्या मजल्यावर कोण येणार? मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे नराचं फूल खुडून, पाकळ्या मागे वळवून, मादीच्या फुलाला अलगद टेकवलं. चार दिवसांत तो दुधी फुगायला लागला, मावशी. घरातले सगळे रोज बघायला जायचे.

तो घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही त्याला नख लावून बघितलंत. गिऱ्हाइकांनी नख लावलं की तुम्ही ओरडता, म्हणून मला फार बरं वाटलं. "कोवळा आहे, आजच कर," एवढंच म्हणालात. चणाडाळ घालून केला.

तुम्ही मला खोटी आशा कधी दाखवली नाहीत, हेही लिहायला हवं. खिडकीतल्या शेतीवर घर चालत नाही, भाजी विकतच घ्यावी लागणार, हे तुम्ही हसत सांगितलंत. मिरची, कढीपत्ता, पुदिना, मेथी आता घरची असते. बाकी सगळं तुमच्या टोपलीतलं. मात्र एका वेलावरच्या एका दुधीमागे किती डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं हे कळल्यापासून मी भावात घासाघीस करत नाही. वसईतल्या वाड्यांवर इमारती आल्या, बावखलं, म्हणजे वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी, बुजवली गेली, हे तुम्ही एकदा बोलता बोलता सांगितलंत आणि लगेच पालकाची जुडी बांधायला घेतलीत. तुमची विहीर आणि तुमचे वाफे टिकून राहोत, हे मला अगदी आतून वाटतं. कधी जमलं तर मला ती वाडी बघायची आहे. आणि हिवाळ्यात राणीच्या बागेत महापालिकेचं उद्यान प्रदर्शन भरतं, त्यात कुंडीतल्या भाज्या आणि फळझाडंही मांडलेली असतात. तिथे तुम्हाला घेऊन जायची माझी फार इच्छा आहे. लोकांनी तुमचं ऐकावं असं वाटतं.

आता एक विचारायचं राहिलंय. कागदी लिंबाचं कलम लावलं आहे ते. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या होत्या, तुम्ही म्हणालात तशा हाताने वेचल्या. दोन मात्र मुलीने वेगळ्या फांदीवर सोडून वाढवल्या आणि त्यांची फुलपाखरं झालेली पाहिली. झाड तजेलदार आहे, पण फूल अजून धरत नाही. मोठ्या बागांत बहार यायला पाणी तोडून ताण देतात, तसा कुंडीतल्या झाडाला दिला तर चालेल का, की एवढ्याशा मातीत ते सुकूनच जाईल? शनिवारी एक फांदी घेऊन येते. गर्दी असली तर थांबेन.

तुमची,
बोरिवलीची भाची