ट्यूनिंगनंतरच्या डायनो अहवालात इंजिनाची शक्ती फुगवून दाखवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
वेर्णा औद्योगिक वसाहत, गोवा

महोदय,

माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 या गाडीच्या इंजिनाचे ट्यूनिंग मी आपल्या वेर्णा येथील केंद्रात करून घेतले, त्यासंबंधी ही लेखी तक्रार आहे. केंद्रातील तंत्रज्ञांशी तोंडी बोलून झाले. परंतु ‘शक्ती वाढली की लॉसही (इंजिनापासून चाकांपर्यंत जाताना वाया जाणारी शक्ती) वाढणारच’ या उत्तरापलीकडे काही हाती न लागल्याने आपल्याला लिहावे लागत आहे. ट्यूनिंगने गाडीत फरक पडला नाही असे माझे म्हणणे नाही. अनमोडचा घाट ती पूर्वीपेक्षा सहज चढते, हे मी मान्य करतो. मात्र ज्या आकड्याच्या भरवशावर आपण माझ्याकडून पैसे घेतलेत आणि आता आणखी एक काम करून घेण्याचा आग्रह धरीत आहात, तो आकडा ज्या रीतीने काढला गेला, ती मला मान्य नाही.

डायनो, म्हणजे चाके रोलरवर फिरवून शक्ती मोजणारे यंत्र, त्याच्या ट्यूनिंगआधीच्या तक्त्यात चाकांवर 211 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि इंजिनाची शक्ती 243 पीएस अशी नोंद आहे. या गाडीचा निर्मात्याने जाहीर केलेला आकडा 245 पीएस असल्याने हा तक्ता मला विश्वसनीय वाटतो. ट्यूनिंगनंतरच्या तक्त्यात चाकांवर 257 पीएस आणि इंजिनाची शक्ती 318 पीएस दाखवली आहे. चाकांवर वाढ झाली 46 पीएसची, इंजिनाच्या रकान्यात मात्र ती 75 पीएसची झाली, कारण ‘ड्राइव्हट्रेन लॉस’ या मधल्या रकान्यातला, चाकांवरच्या शक्तीत मिळवला जाणारा आकडा 32 वरून एकदम 61 वर गेला आहे. टक्केवारीत सांगायचे तर 13 टक्क्यांचे 19 टक्के झाले. (आपली जाहिरात 315 बीएचपीची होती आणि 318 पीएस म्हणजे बीएचपीत 314सुद्धा भरत नाहीत, पण अर्ध्या टक्क्याच्या या फरकावरून मी वाद घालणार नाही.)

ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. तिच्यात मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही, मागचा डिफरन्शियल नाही. इंजिन आडवे बसवलेले, त्याला जोडून डीएसजी (दुहेरी क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स आणि तिथून थेट चाके. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीच्या बाबतीत 19 टक्के लॉस कोणी सांगितला असता तर मी एक वेळ ऐकून घेतला असता. शिवाय वाढीव 29 पीएस म्हणजे सुमारे 21 किलोवॉट. एवढी शक्ती खरोखरच गिअरबॉक्समध्ये आणि टायरमध्ये जिरत असेल, तर तिची उष्णताच व्हायला हवी, आणि ती न्हाणीघरातले दहा गीझर एकाच वेळी चालू ठेवण्याइतकी होईल. ट्यूनिंगनंतर मी गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान स्कॅनरवर पाहत आलो आहे आणि त्यात असे काहीही आढळलेले नाही.

‘शक्ती वाढली की लॉस वाढतो’ हे सर्वसाधारण विधान म्हणून चुकीचे नाही. दातांवरचा भार वाढला की गिअरमधले घर्षण काही प्रमाणात वाढते, आणि टायरही रोलरवर अधिक दाबला जाऊन थोडा अधिक घसरतो. पण तेल घुसळण्यात आणि बेअरिंग फिरवण्यात जाणारी शक्ती वेगावर अवलंबून असते, इंजिनाच्या जोरावर नाही. त्यामुळे एकूण लॉस वाढला तरी त्याची टक्केवारी वाढण्याचे कारण उरत नाही, उलट ती थोडी खाली यायला हवी. त्याहून महत्त्वाचे असे की आपले यंत्र हा लॉस भाराखाली मोजतच नाही. पूर्ण थ्रॉटलची धाव संपल्यावर चालक ॲक्सिलरेटर सोडतो, रोलर आपोआप मंदावू लागतो आणि तो किती झपाट्याने मंदावतो यावरून यंत्र लॉस काढते. त्या वेळी इंजिन चाकांकडे शक्ती पाठवीतच नसते. तोच गिअरबॉक्स, तेच टायर आणि सर्वोच्च शक्तीच्या क्षणी जवळपास तोच रोलरचा वेग असताना ट्यूनिंगआधी आणि नंतर हा आकडा जवळपास सारखाच यायला हवा. तेल आणि टायर तापलेले असल्याने दुसऱ्या खेपेस किंचित कमी आला असता तरी नवल नव्हते.

मग तो दुपटीच्या जवळ कसा गेला, याचे उत्तर आपणच मला पाठवलेल्या व्हिडिओत आहे. पहिल्या धावेच्या शेवटी चालक लीव्हर न्यूट्रलमध्ये नेतो आणि आरपीएमचा काटा तत्काळ आयडलवर (रिकाम्या चालणाऱ्या इंजिनाच्या किमान वेगावर) येतो. दुसऱ्या धावेच्या शेवटी लीव्हर जागचा हलत नाही आणि काटा रोलरच्या वेगाबरोबर सावकाश खाली उतरत राहतो. म्हणजे डीएसजीचा क्लच जोडलेलाच होता आणि रोलर इंजिनालाही ओढत होता. इंजिनाचे स्वतःचे घर्षण आणि बंद थ्रॉटलवर हवा ओढण्याचे त्याचे ओझे, ज्याला आपण सगळे इंजिन ब्रेकिंग म्हणतो, ते अशा रीतीने ड्राइव्हट्रेनच्या खात्यात जमा झाले आणि पुन्हा इंजिनाच्याच शक्तीत मिळवले गेले. दोन लिटरच्या इंजिनासाठी त्या आरपीएमला 29 पीएसचे इंजिन ब्रेकिंग मुळीच अशक्य नाही. पहिल्या तक्त्यातला 32 पीएसचा लॉस धरला तर इंजिनाची शक्ती 289 पीएस होते. आपल्या बाजूने विचार करून जुनीच टक्केवारी कायम ठेवली तरी 296 पीएसच्या पुढे ती जात नाही.

आणखी एक बाब आहे. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी झाल्या असताना डीआयएन पद्धतीचा हवामान-गुणक (हवेचे तापमान आणि दाब पाहून शक्तीचा आकडा ज्याने गुणतात तो) पहिल्या तक्त्यात 1.02 आणि दुसऱ्यात 1.04 आहे, कारण हवेचे तापमान एकात 29 अंश आणि दुसऱ्यात 41 अंश नोंदवले गेले आहे. शेडमधली हवा तेवढी तापली नव्हती. तापमानाचा सेन्सर दुसऱ्या वेळी उघड्या बॉनेटशेजारी लटकत होता, हेही व्हिडिओत दिसते. टर्बो इंजिनात बूस्टचे (टर्बोने आत ढकललेल्या हवेच्या दाबाचे) नियंत्रण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करीत असल्यामुळे हा गुणक मुळातच जपून वापरायचा असतो. चाकांवरचे 257 पीएस त्या गुणकातून गेलेले असतील, तर त्यांतलेही सुमारे 5 कमी करावे लागतील.

या फुगलेल्या आकड्याचा परिणाम कागदापुरता राहिलेला नाही. तक्त्यातला इंजिनाचा टॉर्कही (फिरवण्याचा जोर) त्याच लॉसमधून काढलेला आहे, आणि ‘एवढा टॉर्क मूळ क्लच-प्रेशरवर टिकणार नाही’ असे सांगून आपले कर्मचारी मला गिअरबॉक्सच्या ट्यूनिंगचे वेगळे पैसे भरायला सांगत आहेत. चुकीच्या मोजमापातून जन्मलेल्या टॉर्कवर उपाय म्हणून मी खर्च का करावा, हे मला कळत नाही.

तेव्हा दोन्ही धावांच्या मूळ नोंदींची फाइल मला द्यावी; छापील चित्रावरून काहीच पडताळता येत नाही. त्यानंतर माझ्या उपस्थितीत आणि आपल्या खर्चाने चाचणी पुन्हा करावी. गिअर तोच असावा, टायरमधली हवा आणि गाडी रोलरवर बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा ताण लिहून ठेवावा, सेन्सर पंख्यासमोर असावा आणि धाव संपताच लीव्हर न्यूट्रलमध्ये न्यावा. त्या चाचणीत जाहिरातीतील आकडा आला नाही, तर गाडीत मूळ सॉफ्टवेअर परत घालून पूर्ण रक्कम परत करावी. गिअरबॉक्सच्या कामाचा आग्रह तोवर थांबवावा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांसाठी मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि आवश्यक तर दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला ग्राहक,
मडगाव, गोवा

सोबत: दोन्ही डायनो तक्त्यांच्या प्रती, जीएसटी पावतीची प्रत, जाहिरातीचे छायाचित्र आणि आपण पाठवलेल्या व्हिडिओची प्रत