तिसऱ्या रकान्याबद्दल आभार

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही येऊ नये, एवढी एकच अट आपण घातली होती आणि ती मी पाळत आहे. पत्र मात्र उघड लिहीत आहे, कारण आमच्या रशियन कागदांचे भाषांतर करताना आपण जे केले ते नाशिकच्या सातपूरमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्येच राहावे, असे मला वाटत नाही.

आमच्याकडे सोव्हिएत बनावटीचे एक जुने गिअर हॉबिंग मशीन, म्हणजे गिअरचे दाते कापणारे यंत्र, आहे. लिलावात ते घेतले तेव्हा सोबत तेलाने पिवळी पडलेली रशियन पुस्तिका आणि ड्रॉइंगची एक गुंडाळी मिळाली. मशीन वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालले आणि मग एके दिवशी कापलेल्या दातांवर लाटा दिसू लागल्या. पुस्तिका उघडण्याची वेळ आली आणि आमच्यात ती वाचता येणारे कोणीच नव्हते.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही एका भाषांतर संस्थेकडे गेलो होतो. संस्थेचे नाव घेत नाही, परंतु तिने आगाऊ पैसे घेऊन नव्वद पानांचे सुबक बांधणीचे इंग्रजी पुस्तक आमच्या हाती ठेवले, आणि त्यात गिअर कडक करून त्याला दोनशे अंशांवर रजेवर पाठवावे, असे छापलेले होते. ‘ओत्पुस्क’ या रशियन शब्दाचा रोजचा अर्थ रजा असला, तरी उष्णतोपचाराच्या खात्यात तो टेम्परिंगसाठी, म्हणजे कडक केलेले पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी, वापरतात, हे आपण सांगितले तेव्हा आम्हांला कळले. तोवर आम्ही नुसतेच हसत होतो. त्याच पुस्तकात जागोजागी ‘बहिरी भोके’ही होती. आरपार न जाणाऱ्या भोकाला रशियन माणूस बहिरे म्हणतो आणि इंग्रज आंधळे, हा आपला खुलासा आमच्या शेडमध्ये अजून सांगितला जातो.

हसू थांबले ते ‘नात्याग’ या शब्दापाशी. स्पिंडलच्या, म्हणजे यंत्राच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगला प्रीलोड किती द्यायचा, म्हणजे आतली मोकळीक काढून ते किती दाबून बसवायचे, हे त्या परिच्छेदात होते. संस्थेने त्याचे ‘प्राथमिक ताण’ केले. ताण म्हटल्यावर आमच्या पोरांच्या डोळ्यांसमोर पट्टा आला आणि त्यांनी दोन दिवस व्ही-बेल्ट आवळत नेला, त्यामुळे मोटरच्या बाजूचे बेअरिंग तापून गेले आणि स्पिंडल होता तसाच ढिला राहिला. पोलादाचे हाल तर विचारू नका. ड्रॉइंगवर १२, मग दोन रशियन अक्षरे, मग ३ आणि शेवटी आणखी एक अक्षर अशी खूण होती. संस्थेने अक्षरे जशी दिसली तशी इंग्रजीत उतरवली, आणि आम्ही नाशिकपासून पुण्यापर्यंतच्या व्यापाऱ्यांकडे ‘एक्स-एच’ नावाचे पोलाद विचारत राहिलो. एक्ससारखे दिसणारे अक्षर ‘ख’ म्हणजे क्रोमियम, एचसारखे दिसणारे ‘न’ म्हणजे निकेल, आरंभीचा आकडा कार्बनच्या टक्क्याच्या शंभराव्या भागांचा, तीन हा आकडा निकेलच्या सुमारे ३ टक्क्यांचा आणि शेवटचा ‘आ’ उच्च प्रतीचा, हे आपण फोनवर पाच मिनिटांत सांगितलेत. वर हेही बजावलेत की सीसारखे दिसणारे अक्षर कार्बन नसून सिलिकॉन आहे आणि बीसारखे दिसणारे बोरॉन नसून टंगस्टन, कारण रशियनात त्याला वोल्फ्राम म्हणतात. एवढ्याशा माहितीअभावी आमचे दीड महिन्याचे काम अडले होते.

ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून नाशिकच्या परिसरात रशियन कागद येत-जात आहेत. त्यामुळे रशियन जाणणारे माणूस इथे सापडले, याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते आपल्या पहिल्या मसुद्याचे. त्यात पाच जागा कोऱ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे बारीक अक्षरांत पेन्सिलीने लिहिले होते, ‘ठाऊक नाही, भाग पाहावा लागेल.’ संस्थेच्या नव्वद पानांत एकही प्रश्नचिन्ह नव्हते. बिल देताना आपण त्या पाच शब्दांचे पैसे वजा केलेत, तेव्हा आमचे हिशेबनीस बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले होते.

परंतु हे पत्र मुख्यतः एका दुपारसाठी आहे. कोऱ्या जागांपैकी एक शब्द ‘सुखार’ होता. चहात बुडवून खायच्या कडक टोस्टला रशियनात हेच म्हणतात आणि यंत्रात त्याच नावाचे अनेक निरनिराळे तुकडे असतात. इंग्रजीत त्यांना तीन-चार वेगवेगळी नावे पडतात, म्हणून तुकडा पाहिल्याशिवाय एकही नाव लिहिणार नाही, असे सांगून आपण रिक्षाने शेडवर आलात. आमचे सर्वांत जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी गिअरबॉक्स उघडून शिफ्टर फोर्कच्या, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्याच्या, टोकाशी खाचेत सरकणारा तो कांस्याचा चौकोनी तुकडा काढला आणि पुसण्यासाठी चिंधी शोधू लागले. आपण चिंधीची वाट न पाहता हात पुढे केलात, तुकडा तळहातावर घेऊन उलटासुलटा केलात, झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवलात आणि विचारलेत, “मामा, तुम्ही याला काय म्हणता?”

मामा ओशाळले. “आम्ही काय म्हणणार बाई, गुटका म्हणतो.”

आपण रशियन शब्दापुढे इंग्रजी नाव लिहिलेत, मग पट्टी मागून घेतलीत, त्या पानावर तिसरा रकाना आखलात आणि त्यात ‘गुटका’ असे लिहिलेत. त्यानंतर उरलेल्या सर्व पानांवर तोच रकाना आखून आपण दोन तास मामांशेजारी स्टुलावर बसलात आणि एकेक शब्दाला त्यांचा शब्द विचारून घेतलात. मध्येच पोलादाच्या एका खुणेवरून आपण सांगितलेत की ओतताना साच्यात बुडबुडे येऊ नयेत म्हणून सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियम घालून ज्यातला प्राणवायू काढलेला असतो, त्या पोलादाला रशियन ‘शांत’ म्हणतात आणि इंग्रज ‘मारलेले’. मामा म्हणाले, “मग रशियनच बरा.”

बाई, मामा एकतीस वर्षे मशीन खोलत आहेत. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती आलेला प्रत्येक कागद वरून खाली आला, तो त्यांनी समजून घ्यायचा आणि नाही समजला तर दोष त्यांचा. त्यांच्या तोंडचा शब्द कागदावर जावा, असे कुणाला सुचले नव्हते, आणि देखभाल विभाग मी सांभाळतो म्हणून सांगतो, मलाही सुचले नव्हते. काटा स्थिर होईपर्यंत तागडीला हात न लावणारा वाणी मी लहानपणी पाहिला आहे; त्याच्या दुकानात उभे राहिले की जे वाटायचे, ते त्या दुपारी वाटले. सचोटी म्हणून आपण मोठमोठ्या गोष्टी धरून बसतो, आणि ती बहुधा अशी पट्टीने आखलेल्या रकान्यात सापडते.

मशीन आता नीट चालते. प्रीलोड पुस्तिकेप्रमाणे दिला आणि दातांवरच्या लाटा गेल्या. शब्दसूचीवर प्लास्टिक चढवून ती टूलरूमच्या दाराशी लावली आहे. नवी पोरे तिसऱ्या रकान्यापासून वाचायला लागतात आणि डावीकडे सरकत जातात.

पाच कोऱ्या जागांपैकी चार आपण भरल्यात. पाचवी तेलपंपातल्या भागाची होती आणि तेव्हा पंप खोललेला नव्हता. तो मागच्या आठवड्यात खोलला. भाग धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवला आहे. मामांनी त्याचे नाव तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीने लिहून टाकले आहे. दुसरा रकाना अजून कोरा आहे. आपल्याला सवड होईल तेव्हा कळवावे, घ्यायला गाडी पाठवतो.

आपला नम्र,
देखभाल विभाग, सातपूर