न मळता करायचा ब्रेड: दोन रीतींची सरमिसळ

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत नुकत्याच आलेल्या, न मळता करायच्या ब्रेडच्या पाककृतीत ‘3 कप मैद्यात एक मोठा चमचा यीस्ट घालून पीठ सैल भिजवावे, चांगले फेटावे आणि रात्रभर ठेवावे’ असे म्हटले आहे. अशा रीतीचा ब्रेड मी बरीच वर्षे घरी करते. त्या अनुभवावरून लिहावेसे वाटते की, या एका वाक्यात न मळता करायच्या आणि फेटून करायच्या ब्रेडच्या दोन निराळ्या रीती एकत्र झाल्या आहेत आणि ही कृती जशीच्या तशी करणाऱ्याचा ब्रेड बहुधा मधोमध बसेल.

मैद्याला पाणी लागले की त्यातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या प्रथिनांपासून ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. यीस्टने सोडलेला वायू याच जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. मळल्याने हे जाळे लवकर बांधले जाते. पण पीठ पुरेसे ओले असेल आणि त्याला 12 ते 18 तास मिळाले, तर ते हात न लावताही बांधले जाते. न मळता करायच्या ब्रेडमध्ये मेहनतीची जागा वेळ घेतो, म्हणूनच त्यात यीस्ट अगदी चिमूटभर लागते. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची जी कृती 2006 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून घरोघरी पोहोचली, तीत 3 कप मैद्याला अवघा पाव चहाचा चमचा यीस्ट होते. आपल्या कृतीतले यीस्ट त्याच्या बारा पट भरते!

फेटून करायच्या ब्रेडचे गणित याच्या उलट आहे. त्याचे पीठ गोळा न होण्याइतके सैल असते, यीस्ट भरपूर असते आणि ग्लुटेनचे जाळे चमच्याच्या जोरावर बांधावे लागते. जुन्या कृतींमध्ये मिक्सरवर 2 मिनिटे किंवा हाताने 300 फटके असे स्पष्ट लिहिलेले असे, आणि खांदा भरून येईपर्यंत फेटल्यावर ते पीठ चमच्यावरून तारा धरू लागते. पुढे तासा-दीड तासात ते भट्टीला तयार होते. तेच पीठ रात्रभर बाहेर ठेवले तर फुगून उतरते, आंबूस होते, आणि सैलावलेल्या जाळ्यातून वायू निसटून जातो.

दुसरी तक्रार मापाची आहे. एक कप मैदा कसा भरला यावर त्याचे वजन 120 ग्रॅमही होते आणि 150 ग्रॅमही. म्हणजे 3 कपांचे 360 किंवा 450 ग्रॅम. 300 ग्रॅम पाणी पहिल्या पिठाला 83 टक्के पडते, दुसऱ्याला 67 टक्के, आणि न मळता करायच्या पिठाच्या बाबतीत हा फरक लहान नाही. मी 400 ग्रॅम मैदा, 300 ग्रॅम पाणी, 8 ग्रॅम मीठ आणि 1 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घेते. ‘रात्रभर’ हेही माप नव्हे. 21 अंशांना 18 तास घेणारे पीठ 30 अंशांना त्याच्या निम्म्या वेळातही तयार होऊ शकते. म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे: ते दुपटीहून अधिक फुगलेले आणि वर बुडबुड्यांनी भरलेले असले, की झाले.

झाकणाच्या भांड्याचा तर कृतीत उल्लेखच नाही, आणि माझ्या मते या रीतीचा निम्मा गुण त्यातच आहे. जाड बुडाचे भांडे झाकणासह ओव्हनमध्ये 230 अंशांना अर्धा तास तापवून त्यात पीठ सोडले की पिठातलीच वाफ आत कोंडते. त्यामुळे कवच लवकर कडक होत नाही आणि ब्रेडला फुगायला सवड मिळते. अर्ध्या तासाने झाकण काढून आणखी 15 ते 20 मिनिटे भाजल्यावर तेच कवच खरपूस होते. (ब्रेड गरम असताना कापू नये, हे मी पहिल्या दोन-तीन ब्रेडचा लगदा करून शिकले.)

तेव्हा या दोन्ही कृती वजनी मापांसह आणि स्वतंत्रपणे पुन्हा छापाव्यात, ही विनंती. फेटून करायच्या ब्रेडच्या कृतीत, साचा निम्म्याच्या आसपासच भरावा आणि पीठ काठाला टेकण्याआधीच तो ओव्हनमध्ये जावा, एवढे मात्र आवर्जून नमूद करावे.

आपली,
एक नियमित वाचक